स्त्रियांचे हिवाळी बूट : ऊब, जलाभेद्यता आणि डौल

पादत्राणांचा विचार आपल्याकडे चर्मोद्योगाच्या किंवा वेशभूषेच्या अंगाने होतो. उष्णतावहनाचा प्रश्न म्हणून तो क्वचितच केला जातो. ह्याचे कारण उघड आहे. ज्या प्रदेशात बारा महिने चपलेवर भागते, तेथे पायाला थंडीपासून जपण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. परंतु शिक्षणासाठी वा नोकरीसाठी टोरोंटो, विनिपेग, मिनिआपोलिस अशा ठिकाणी जाणाऱ्या मराठी मुलींना हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात गाठतो. त्यांतील कित्येकजणी निघण्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या बाजारातून गुडघ्यापर्यंत उंच, बारीक टाचेचे, आत लोकरीसारखे मऊ अस्तर लावलेले देखणे बूट घेऊन जातात, आणि पहिल्या बर्फातच ते निकामी ठरतात. ते का निकामी ठरतात आणि त्यांऐवजी काय पाहून घ्यावे, ह्याची मीमांसा येथे करावयाची आहे. विषय वरवर बाजारहाटाचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी शरीरक्रियाशास्त्र व पदार्थविज्ञान आहे. आणि ज्या स्त्रियांनी तो प्रथम सोडविला, त्या कोणत्याही विद्यापीठात शिकलेल्या नव्हत्या.

विक्रेत्यांच्या जाहिरातींत 'उबदार', 'जलाभेद्य' आणि 'डौलदार' ही तीन विशेषणे एका दमात येतात. वस्तुतः त्यांचे परस्परांशी वाकडे आहे. ऊब हवी तर जाडी हवी, आणि डौलाला जाडी खपत नाही. बाहेरचे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही, तर आतल्या घामाची वाफही बाहेर जाणे कठीण होते. आणि घामाने ओला झालेला बूट उबदार राहत नाही. म्हणून तिन्ही गुण पुरेपूर असलेला एकच बूट शोधीत बसणे व्यर्थ होय. कोणत्या थंडीत कोणत्या गुणाला किती वाव द्यावयाचा, हे ठरविणे म्हणजेच बुटांची निवड.

प्रथम पावलाचा विचार करू. पावलात स्नायू थोडे आहेत, त्यामुळे ते स्वतः फारशी उष्णता निर्माण करीत नाही. आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणजे उष्णता गमावण्याची सोय भरपूर. त्याला ऊब मिळते ती मुख्यतः रक्तातून. आणि शरीर गारठू लागले की हृदय, मेंदू आदी मर्मस्थाने राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावतात. अर्थात जेव्हा उष्णतेची गरज अधिक, तेव्हाच पुरवठा कमी. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या अतिरेकाने आखडण्याचा 'रेनो' नावाचा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्वचा शून्याच्या किंचित खाली गोठते. गोठण्यापूर्वी बोटे दुखतात, मग बधिर होतात. आणि नवख्या माणसाला वाटते की थंडीची सवय झाली. ही समजूत घातक आहे. दुखणे थांबणे हे हिमदंशाचे लक्षण असू शकते. शिवाय इजा होण्यासाठी पाणी गोठावेच लागते असेही नाही. ओल्या बुटांत दीर्घकाळ राहिलेले पाय शून्याच्या वरच्या तापमानातही कायमचे दुखावतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतील हजारो सैनिकांचे पाय असेच गेले.

आता बुटाकडे वळू. बूट स्वतः उष्णता देत नाही; तो असलेली उष्णता निसटू देत नाही, एवढेच. तेही काम खरे पाहता चामडे किंवा लोकर करीत नाही. लोकरीच्या तंतूंत अडकून स्थिर झालेली हवा ते करते. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश आहे, पाण्याची ०.६ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ चोवीस पट. आणि बर्फाची २.२. ह्या तीन आकड्यांत हिवाळी बुटांचे बहुतेक शास्त्र आले.

एक ठोकळ हिशेब मांडून पाहू. तळपायाचा जमिनीवर टेकणारा भाग १५० चौरस सेंटिमीटर धरला, तळपाय २५ अंशांवर व रस्त्यावरील बर्फ उणे १० अंशांवर आहे असे मानले, आणि बुटाला केवळ ५ मिलिमीटर जाडीचा रबरी तळ आहे असे समजले, तर एका पावलातून सुमारे १७ वॅट उष्णता जमिनीत जाऊ शकेल. आत १० मिलिमीटर जाडीचा कोरडा नमदा घातला की हा ऱ्हास २ वॅटच्या खाली येतो. तोच नमदा पायाखाली दबून निम्मा झाला, तर साडेतीन वॅटच्या जवळ जातो. आणि पाण्याने पुरता भिजला, तर पुन्हा दहाच्या घरात पोहोचतो. रक्तवाहिन्या आखडलेल्या पावलाला शरीराकडून मिळणारी उष्णता काही वॅटच असते. तेव्हा दोन आणि दहा ह्यांतील अंतर हे सुखावह पाय आणि गोठलेला पाय ह्यांतील अंतर होय. हिशेबात मोजे, हवेचे थर इत्यादी वगळले आहेत. परंतु त्यामुळे निष्कर्षाची दिशा बदलत नाही. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, बुटाच्या वरच्या भागातील केसाळ अस्तरापेक्षा पायाखालचा थर महत्त्वाचा, आणि दुकानात नेमका तोच कोणी पाहत नाही. दुसरी, ऊब टिकविणे म्हणजे प्रथम कोरडेपणा टिकविणे.

कोरडेपणाचे शत्रू दोन : बाहेरचे पाणी आणि आतला घाम. पहिला सर्वांना दिसतो, दुसरा दिसत नाही. दुसऱ्याची किंमत १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोरियातील चोसिन जलाशयाच्या लढाईत अमेरिकन सैन्याला कळली. सैनिकांच्या पायांत खाली रबर, वर चामडे आणि आत नमद्याचा तळ असे बूट होते. ओल्या हवेत ते चांगले; पण तेथे पारा उणे ३० अंशांपर्यंत व त्याहूनही खाली उतरला. चढण चढताना पाय घामेजत, रबर वाफ कोंडून ठेवी, आणि तुकडी थांबताच तो ओलावा पायाशीच गोठे. हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची संख्या मोठी होती. त्यानंतर सैन्यात जे बूट आले, त्यांत लोकरीचा थर दोन रबरी भिंतींच्या मध्ये सर्व बाजूंनी बंद केलेला होता. पाय ओलसर राहिला तरी चालेल, पण थर ओला होता कामा नये, हे त्यामागील तत्त्व. ते बूट इतके फुगीर दिसत की सैनिकांनी त्यांना मिकी माऊसचे नाव दिले. डौलाचा संपूर्ण त्याग केला असता ऊब व जलाभेद्यता ह्यांचा मेळ बसतो, याचा हा पुरावा म्हणावयाचा.

परंतु डौल न सोडताही हा मेळ बसविता येतो, हे आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट स्त्रियांनी कितीतरी आधी दाखविले होते. त्यांच्या बुटांना 'कामिक' म्हणतात. जिल ओक्स व रिक रीवे ह्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या बुटांना इन्युइट स्त्रियांची कला म्हटले आहे, ते यथार्थ आहे. पण ती कला जितकी आहे तितकेच शास्त्रही आहे. इन्युइट स्त्री एकच बूट सर्व ऋतूंसाठी शिवीत नसे. कोरड्या कडाक्यासाठी कॅरिबू हरणाच्या पायांचे केसाळ कातडे; आणि वसंतातील वितळत्या, चिकचिकीत बर्फासाठी केस खरवडून काढलेले सीलचे कातडे. पहिल्यात ऊब अधिक, जलाभेद्यता बेताची; दुसऱ्यात नेमके उलट. तळासाठी दाढीवाल्या सीलचे जाड कातडे घेत आणि बोटांपाशी व टाचेपाशी त्याला बारीक चुण्या घालून ते वर वळवीत, म्हणजे शिवण जमिनीच्या ओलीपासून वर राही. आत वेगळा केसाळ मोजा असे, तो काढून वाळविता येई.

सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे शिवण. बुटात पाणी पुष्कळदा शिरते ते सुईने पाडलेल्या छिद्रांतून. इन्युइट स्त्रिया जलाभेद्य शिवण घालताना सुई कातड्याच्या जाडीतून अर्ध्यातच वळवीत. एकही छिद्र आरपार जाऊ देत नसत. मग दुसऱ्या बाजूने तशीच दुसरी ओळ घालीत. धागा जनावराच्या स्नायुबंधाचा असे. तो ओला झाला की फुगतो आणि छिद्र आपोआप बुजवितो. वाळून कडक झालेले बूट त्या दातांनी चावून मऊ करीत. ह्या श्रमाचा उल्लेख कौतुकाच्या भरात गाळला जातो, म्हणून येथे मुद्दाम केला. आणि हे सर्व करूनही त्यांनी डौल सोडला नव्हता. फिकट व गडद सीलच्या कातड्याच्या पट्ट्या जोडून नक्षी काढली जाई. कॅनडाच्या पूर्व आर्क्टिक भागात आडव्या पट्ट्या स्त्रीच्या बुटाच्या आणि उभ्या पुरुषाच्या, असा संकेत होता. येथे शोभा रचनेला बाध आणीत नाही, कारण ती आकारात नसून पृष्ठभागावर आहे. आधुनिक स्त्रीच्या बुटाने शोभा आकारात आणली, आणि तेथूनच बिघाड सुरू झाला असे माझे मत आहे. टोरोंटोतील बाटा पादत्राण संग्रहालय १९९५ पासून स्वतःच्या इमारतीत आहे आणि ध्रुवप्रदेशीय बुटांचा मोठा संग्रह तेथे आहे. त्या शहरी जाणाऱ्या विद्यार्थिनींनी बूट घेण्यापूर्वी एक दुपार तेथे घालवावी.

औद्योगिक बुटांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. चार्ल्स गुडइयर ह्यांना १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापविण्याची युक्ती सापडली, आणि थंडीत तडकणारे व उन्हात चिकटणारे रबर पादत्राणांच्या उपयोगाचे झाले. १९१२ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन ह्यांनी खाली रबर व वर चामडे असा शिकारी बूट विकावयास काढला. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद परत आल्या, कारण दोहोंच्या सांध्यावरची शिवण उसवली. पुन्हा शिवणच! १९६२ मध्ये कॅनडातील किचनर येथील एका रबर कंपनीने 'सोरेल' नावाने जे बूट काढले, त्यांत नमद्याचा आतला बूट सुटा काढता येत होता. कामिकमधील सुट्या मोज्याचेच हे यांत्रिक रूप होय. एक गमतीची गोष्ट अशी की, 'झिपर' हे नाव रूढ झाले तेही बुटांवरूनच; १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने बर्फात घालावयाच्या रबरी बुटांना सरकती साखळी लावून त्यांना ते नाव दिले, आणि पुढे ते साखळीलाच चिकटले.

१९६९ मध्ये रॉबर्ट गोर ह्यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून सूक्ष्मच्छिद्री पटल तयार केले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा अतिशय लहान व वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असल्यामुळे पाणी अडते आणि वाफ जाते. शून्याच्या आसपासच्या थंडीत हे पटल उत्तम. पण उणे २० अंशांना वाफ पटलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, अस्तराच्या मध्यावर कोठेतरी, तिचे दव किंवा हिमकण होतात. म्हणून कडाक्यात केवळ पटलावर विसंबू नये. तेथे आतले अस्तर सुटे निघते की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

ह्यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : शहर पाहून बूट घ्यावा. टोरोंटोचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपास असते. तेथे बर्फ पडते, वितळते, पुन्हा गोठते. रस्त्यावर मीठ टाकलेले असते, आणि चौकाचौकांत घोट्याएवढा खारट चिखल साचतो. ही ओली थंडी. येथे खालचा भाग रबराचा, सांधा घोट्याच्या वर, जीभ दोन्ही कडांना शिवलेली, आणि अस्तर मध्यम जाडीचे असावे. विनिपेगची सरासरी उणे १६ अंशांच्या आसपास. तेथील बर्फ साखरेसारखे कोरडे असते. तेथे जाड तळ, सुटा नमदा आणि ऐसपैस आकार ह्यांना अग्रमान द्यावा. टोरोंटोचा नाजूक बूट विनिपेगला नेऊ नये. आणि विनिपेगचा भारदस्त बूट टोरोंटोच्या तापविलेल्या भुयारी रेल्वेत घातला, तर पाय घामाने निथळतात.

ऊब दर्शविणारे आकडे वाचतानाही सावध असावे. 'दोनशे ग्रॅम', 'चारशे ग्रॅम' असे जे लिहिलेले असते, ते एक चौरस मीटर अस्तराचे वजन होय. तापमानाशी त्याचा थेट संबंध नाही. 'उणे ४० अंशांपर्यंत' असा शिक्का ज्याचा तो मारतो, आणि बहुधा तो चालणाऱ्या माणसाला लागू असतो, बसथांब्यावर उभ्या राहिलेल्या मुलीला नव्हे. त्यामानाने कामगारांच्या संरक्षक पादत्राणांवरील 'सीआय' ही खूण विश्वसनीय आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उणे १७ अंशांत अर्धा तास ठेवल्यावर आतल्या तळाचे तापमान दहा अंशांहून अधिक उतरू नये, अशी तिची अट आहे. शोभेच्या बुटांवर ही खूण दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता स्त्रीच्या बुटाचा खास प्रश्न. बूट ज्या फर्म्यावर बेततात, तो फर्मा पुष्कळदा पुरुषाच्या पायाचा लहान केलेला असतो. वुंडरलिक व कॅव्हनॉ ह्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे दिसून आले की, समान लांबीच्या पावलांत स्त्रीचे पाऊल हे पुरुषाच्या पावलाची लहान प्रतिकृती नसते. कमान, बोटांची उंची, घोट्याची ठेवण ह्यांत फरक असतो. परिणामी पुरुषी फर्म्यावरील बुटात टाच सैल राहते. ती आवळावी म्हणून मुली लहान माप घेतात, आणि बोटे दाबली जातात. दाबलेल्या बोटांत रक्त पोहोचत नाही, दबलेल्या अस्तरात हवा राहत नाही. एकाच चुकीने उष्णतेचा पुरवठाही घटतो आणि ऱ्हासही वाढतो. उंच टाच हेच काम अधिक परिणामकारकपणे करते, कारण ती सारा भार पुढे बोटांवर ढकलते. निमुळते टोक, पोटरीला घट्ट बसणारी नळी आणि तळापर्यंत उतरलेली बाजूची साखळी ही शोभेची आणखी तीन अंगे. पैकी साखळीच्या मागे जलाभेद्य पडदा नसेल, तर ती पाण्यासाठी उघडे दारच होय. वरच्या काठाला लावलेली केसाळ झालर निरुपद्रवी आहे. ती ऊब देते असे मात्र मानू नये.

घसरण्याचा धोका हिमदंशाहून नित्याचा आहे. बर्फ सर्वांत निसरडे असते ते कडाक्यात नव्हे, तर शून्याच्या जवळ, जेव्हा त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. टोरोंटोच्या पुनर्वसन संशोधन संस्थेतील हिवाळी प्रयोगशाळेत माणसांना बर्फाच्या उतारावर चालवून, उतार हळूहळू वाढवीत, बूट कोठवर पकड धरतात हे मोजले जाते. किमान श्रेणीसाठी ७ अंशांचा उतार पुरे होतो. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निकालांत बहुसंख्य बूट अनुत्तीर्ण ठरले. खोल खाचांचा तळ भुसभुशीत बर्फात चालतो, पण गुळगुळीत बर्फावर रबराची जात महत्त्वाची. स्वस्त प्लास्टिकचा तळ थंडीत लाकडासारखा कडक होतो. दुकानातच अंगठ्याने दाबून पाहावा. काही तळांत काचतंतू किंवा खरखरीत कण मिसळलेले असतात. तशांचे निकाल सरस लागले.

प्रत्यक्ष खरेदी तिकडे गेल्यावर, दुपारनंतर करावी, कारण दिवस कलताना पाय किंचित सुजलेले असतात. जे मोजे घालावयाचे तेच लोकरीचे जाड मोजे बरोबर न्यावेत. बुटातला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे. पाऊल कडेबाहेर येत असेल तर बूट परत करावा. घालून बोटे मोकळेपणाने हलवावीत, आणि टाच मात्र उचलली जाऊ नये. एकावर एक दोन मोजे चढवून बूट तंग करणे ही आपल्याकडील मुलींची नित्याची चूक आहे.

मग डौलाचे काय? त्याला मी गौण मानीत नाही. चार महिने रोज पायांत असणारी वस्तू कुरूप असावी, असे कोणी म्हणू नये. आणि जी आवडत नाही ती घातली जात नाही, हेही खरे. रंग, चामड्याची कांती, शिवणीची रेषा, घोट्यापाशी हलकी निमुळती घडण, दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच, एवढ्यात पुष्कळ सौंदर्य साधते आणि काही बिघडत नाही. त्याहून नाजूक काही हवे असल्यास तिकडच्या स्त्रियांचीच रीत घ्यावी. त्या बूट घालून कार्यालयात येतात, दाराशी ते काढतात आणि पिशवीतील साधे जोडे चढवितात. कॅनडात घरीही बूट उंबऱ्याशीच काढण्याची चाल आहे. आपल्या मुलींना ती शिकावी लागत नाही.

निगेविषयी दोनच गोष्टी. चामड्यावर मिठाचे पांढरे डाग दिसताच पाण्यात थोडे व्हिनेगर घालून ओल्या फडक्याने पुसावेत, नाहीतर चामडे तडकते. आणि संध्याकाळी आतले अस्तर काढून खोलीच्या हवेत मोकळे ठेवावे. तापकावर ठेवल्यास चामडे आक्रसते व डिंक सुटतो. अस्तराची दुसरी जोडी मिळत असेल तर बुटाबरोबरच घ्यावी, म्हणजे आदल्या दिवशीची पुरती वाळेपर्यंत थांबावे लागत नाही.